आमचा कॉम्प्युटर आता पळतो

३ जून

कॉम्प्युटर सुरू केला, चहा ठेवला, उकळला, गाळला, प्यायले, कप विसळला, परत येऊन पाहते तो पडद्यावर ते निळं कडं अजून गरगरतंय. आमच्या प्राचार्यांची आठवण झाली. तेही दिवसभर असेच फिरतात आणि काहीतरी मोठं काम चाललंय असं सगळ्यांना वाटत राहतं.

हा डबा घरात आला तेव्हा अनुया चौथीत होती. आता पोरगी इथे जयपुरात गोपालपुऱ्याच्या एका क्लासात डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते, आणि डबा तोच.

मला याची गरज नसती तर केव्हाच भंगारवाल्याला दिला असता. पण इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी दरवर्षी जी प्रहसनं लिहिते, ती सगळी याच्या पोटात आहेत. पुण्याच्या प्रकाशकांना त्यातल्या निवडक प्रहसनांचं पुस्तक करायचंय. पंधरा जुलैपर्यंत, कुठल्याही फोनवर उघडेल अशा नव्या अक्षरांत टाइप करून पाठवायचं. माझं सगळं जुन्या फॉन्टमध्ये, आणि तो फॉन्ट फक्त या एका मशीनमध्ये. म्हणजे एकेक उघडायचं, समोर ठेवायचं आणि पहिल्यापासून बडवायचं. तारीख चुकली तर पुस्तक गेलं, कारण पुढच्या वर्षी प्रकाशक दुकान आवरून लेकाकडे कॅनडाला निघालेत.

त्यांचं पत्र संक्रांतीला आलं. होळी झाली, अक्षय्य तृतीया झाली, माझं एकही पान झालं नाही. कारण हा डबा. दुसरं काहीही नाही.

६ जून

नवऱ्याने, म्हणजे अभिजितने, मशीनचा वेग वाढवणारं एक फुकट सॉफ्टवेअर आणलं. त्या सॉफ्टवेअरने सगळं तपासून सांगितलं की आत नऊशेहून जास्त दोष आहेत. एवढे दोष याआधी फक्त सासूबाईंनी माझ्यात काढले होते, आणि त्यांनीही फुकट काढले होते. इथे दोष दाखवणं फुकट, घालवायचे तर पैसे. वर ते सॉफ्टवेअर स्वतः मशीन सुरू होतानाच सुरू होतं, त्यामुळे आता चहाबरोबर पोहेही होतात.

ते काढून टाकलं. मग सुरुवातीला आपोआप कायकाय चालू होतं ते पाहिलं. शिकागोचं हवामान दाखवणारं एक प्रकरण होतं. मी जयपूरला चव्वेचाळीस अंशांत भाजतेय आणि माझं मशीन रोज सकाळी आधी शिकागोत पाऊस पडतोय का ते पाहून मग माझ्याकडे वळतं! कोणी टाकलं विचारलं तर घरात सगळे संत.

१० जून

अभिजित कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे हे आज कॉम्प्युटरलाही कळलं. रविवार नसताना सुट्टी होती म्हणून कपाळाला दिवा लावून कॅबिनेट उघडून बसला आणि पंखा कानासारखा साफ केला. निघालेली वाळू पाहून वाटलं, थारचा एक तालुका कमी झाला असणार. पालीची दोन अंडीही निघाली.

"आता बघ कसा मोकळा श्वास घेतो," म्हणाला.

श्वास मोकळा घेतला. चालला मात्र तसाच.

"तू त्या पानांना हात तरी लावलायस का?" हे त्याने जाता जाता विचारलं. जिच्या मशीनला पहिलं पान उघडायला अर्धी दुपार लागते, त्या बाईला असं विचारायला जीभ कशी रेटते? बोलले तेवढं. जेवला नाही नीट. न जेवो.

१४ जून

अनुयाने स्कूटी लावली, हेल्मेट काढलं आणि उभ्या उभ्याच निदान केलं.

"आई, याच्यात अजून जुनी हार्ड डिस्क आहे? मतलब, सीरियसली? एसएसडी टाकायला पाहिजे. रॅम पण. मग ते एकदम मक्खन चालेल."

"लोण्यासारखं म्हणायचंय का तुला?"

"हां, तेच."

"मग तेच म्हण. मतलब आणि मक्खन, दोन्ही बाहेर ठेवून ये. चपला ठेवतेस ना बाहेर, तसे."

मग इंग्रजीत म्हणाली की ती दुरुस्तीवाल्याला बोलावेल. हे हल्लीचं आहे तिचं, एक शब्द सुधारला की सरळ इंग्रजीत जाते. सांगलीची माझी बहीण विचारते, तुझ्या लेकीला मराठी का गं येत नाही? मी काय सांगू? बोलतच नाही ती माझ्याशी, तर येणार कुठून!

१८ जून

दुरुस्तीवाला लोकेश येणार आणि नेमकं मला सीतापुऱ्याला पेपर तपासायला जायचं. अनुयाला सुट्टी होती. तिला निघताना सांगितलं, कामाचं तेवढं ठेव, कचरा सगळा काढ. बसमध्ये उकडून मेले. पेपरात एका मुलाने मागणीचा नियम आपल्या लग्नाच्या उदाहरणाने समजावलाय. त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत असं वाटलं.

संध्याकाळी आले तर मशीन टेबलावर नव्या नवरीसारखं पुसून ठेवलेलं. लोकेश हात पुसत उभा.

"मैडम, एकदम शोरूम कर दिया. विंडो नई, डिस्क नई. पुरानी वाली को भी साफ करके अंदर ही लगा दी, सर के वीडियो उसमें डाल दिए. अब उड़ेगा!"

बटण दाबलं. उडाला. चहाचं पातेलं हातात घ्यायच्या आत पडदा तयार. मला त्या लोकेशला ओवाळावंसं वाटलं. उद्यापासून बसते.

१९ जून

प्रहसनांचा फोल्डर नाही.

२० जून

कॉम्प्युटर छान चालतोय.

२१ जून

लिहून ठेवते, म्हणजे कोर्टात उभं राहिल्यासारखं सरळ राहील.

लोकेशने नव्या डिस्कवर सगळं नवं टाकलं. जुन्या डिस्कवरचं काय घ्यायचं ते अनुया एकेक उघडून सांगत होती. माझा फोल्डर उघडला. नव्या विंडोजमध्ये माझा फॉन्ट नाही. त्यामुळे दिसलं काय, तर चौकटी, उलटी प्रश्नचिन्हं आणि टोपी घातलेली इंग्रजी अक्षरं.

"आई, प्रत्येक फाइल तशीच होती. मी पाच-सहा बघितल्या. लोकेश भैया म्हणाले, वायरस खा गया."

"आणि तू मानलंस."

"मी बाबांना फोन केला ना!"

बाबांना! बाबा तेव्हा कोणाच्या तरी घशात आरसा घालून बसले होते. बाबा म्हणाले, करप्ट असेल तर उडव.

"मला का नाही केलास फोन?"

"तू पेपर चेक करत होतीस. तू रागावतेस, मतलब... मध्ये फोन केला की."

मी रागावते! ज्या फोल्डरमध्ये तुमची आई वर्षानुवर्षं तोंड खुपसून बसलेली दिसते, त्यात कचरा असेल कसा, एवढा प्रश्न डॉक्टर आणि एमएस्सी अशा दोन माणसांना मिळून पडू नये? लिहिलेलं वाचू नका. निदान फेकताना तरी ते कोणीतरी लिहिलं होतं एवढं लक्षात ठेवा. या घरात माझा एक शब्द कोणी वाचला असेल तर तो फ्रिजवर लावलेला दूधवाल्याचा निरोप.

मीच आधी सांगून ठेवायला हवं होतं, असं अभिजित म्हणतो. हो, आणि गॅसला हात लावला तर भाजतं हेही लिहून लावते.

२५ जून

गेलेल्या फाइली परत आणणारा एक माणूस लोकेशने आणला. त्याने खूप वेळ बटणं दाबली आणि डॉक्टर नातेवाइकांसमोर करतात तसा चेहरा केला. माझ्या प्रहसनांच्या जागी आता अभिजितच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेच्या चित्रफिती बसल्यात. उत्तम चालतात, एकही अडकत नाही.

पेनड्राइव्हवर प्रत होती. तो पेनड्राइव्ह अभिजित इंदूरच्या परिषदेला घेऊन गेला आणि तिथेच ठेवून आला. कागदावरच्या प्रती मी कलाकारांना वाटत असे आणि त्यांनी त्यांवर प्याजकचोऱ्या ठेवून खाल्ल्या. मंडळाने चित्रीकरण केलंय, ते पाहिलं. आरत्या अथपासून इतिपर्यंत आहेत. नाटक सुरू झालं की कॅमेरेवाला जेवायला गेलेला दिसतो.

२८ जून

कलाकारांच्या डोक्यातून काढून पाहू म्हणून नागनाथरावांना फोन केला. रेल्वेत गार्ड होते, मूळ सोलापूरचे, आमचे कायमचे नायक.

"वैनी, अवो सगळं तोंडपाठ हाय की! घ्या लिवून." आणि त्यांनी ठणकावून आपलं वाक्य म्हटलं.

"वा. यावर समोरचा काय म्हणायचा?"

"समोरचा? त्यो म्हणायचा कायतरी. मग मी बोलायचो."

"काय बोलायचा?"

"ह्येच की." आणि पुढचं वाक्य. "मधी टाळ्या पडायच्या बघा."

असं तासभर चाललं. कागदावर एकटे नागनाथराव उभे आहेत आणि हवेशी भांडतायत. मग प्रभाताईंना विचारलं. त्यांनी प्रत्येक प्रहसनात काकू केलीय. त्यांना कुठल्या काकूने कुठली साडी नेसली होती ते सगळं आठवतं, जांभळ्या इरकलीच्या काठासकट. संवाद विचारला तर म्हणाल्या, "अगं तू लिहिलं होतंस ना ते, तूच सांग."

मीच सांगायचं! मला नाही आठवत. लिहिताना जी बाई असते तिच्याशी माझी नंतर भेट होत नाही. प्रकाशकांना उद्या कळवून टाकते.

२ जुलै

कळवलं नाही अजून.

सकाळी ओट्याशी अभिजितला नागनाथरावांचा तमाशा सांगत होते. त्यांचं वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. अनुया डबा भरत होती. पाठमोरीच म्हणाली,

"काका तिथे नेहमी चुकायचे. 'जावई' नाही, 'व्याही' आहे. जावई पुढच्या सीनमध्ये येतो."

मी गॅस बारीक केला. "मग पुढे काय आहे?"

तिने पुढचं सांगितलं. मग प्रभाताईंचं. मग परत नागनाथरावांचं. पोळी हातात तशीच, तोंड भिंतीकडे, आणि पुटपुटत सगळा प्रवेश संपवला.

ही प्रॉम्प्टर होती हे मी साफ विसरले होते. आठवीत असल्यापासून दरवर्षी विंगेत बसायची, मोबाइलच्या उजेडात. रंगमंचावर उभी करायची सोय नव्हती, तिचं बोलणं ऐकून लोक चुकीच्या जागी हसले असते. शाळेत हिंदी होतं म्हणून वाचता तरी येत होतं, तेव्हा म्हटलं, बस विंगेत.

"मग फाइल उघडल्यावर तुला ओळखू कसं आलं नाही?"

"आई, स्क्रीनवर चौकोनी डब्बे होते. मी तर कागद वाचायची."

हिच्यावर ओरडायचं की हिला मिठी मारायची ते ठरेना. उशीर होतोय म्हणून ती निघून गेली, आणि ओरडायचं राहूनच गेलं.

४ जुलै

बसलो. दिवाणावर मांडी घालून, भिंतीकडे तोंड करून ती सांगते, मी टाइप करते. कुजबुजते. पंखा चालू असला की मला ऐकू येत नाही.

"जोरात बोल की जरा!"

"जोरात नाही आठवत."

पंखा बंद केला. घाम गळतोय, हात चालत नाहीत, नव्या अक्षरांची कळफलकावरची जागा वेगळी आहे, 'क्ष' कुठे लपलाय देव जाणे. मशीन पुढे जाऊन माझी वाट पाहतंय.

"आई, आता तूच स्लो आहेस."

हे मला! पण कबूल करावं लागलं.

७ जुलै

वाक्य सांगून ती मध्येच थांबते. मला वाटलं विसरली.

"पुढे?"

"थांब. इथे लोक हसतात. हसणं संपल्यावर पुढची ओळ द्यायची, नाहीतर काकांना ऐकू येत नाही."

"मी काय सभागृह आहे? सांग पुढचं."

पण तिला तसं जमत नाही. हसण्याची जागा आली की मनातल्या मनात तेवढं थांबतेच. काही जागी मला वाटलं होतं की लोक खूप हसले, तिथे ती अजिबात थांबली नाही. विचारलं तर म्हणाली, "इथे कोण हसत नाही. फक्त तू विंगेत हसतेस."

लेखकाचा एवढा अपमान आजवर कुठल्या समीक्षकाने केला नव्हता.

११ जुलै

ती आठवीत जायच्या आधीची तीन गेली ती गेलीच. बाकीची झाली, एक सोडून. 'आमची रिंकी' राहिलंय. ते आधी घे म्हणून मी रोज सांगतेय आणि ती रोज "ते लास्टला करू" म्हणते. लांब आहे म्हणून कंटाळा करत असेल. प्रकाशकांना तेच पुस्तकात पहिलं हवंय. आम्हाला त्याचे तीन प्रयोग करावे लागले होते, असं मंडळात दुसऱ्या कशाचं झालेलं नाही.

विषय साधाच. जयपुरात वाढलेली मराठी मुलगी, वाक्यावाक्याला मतलब, आणि तिच्या मराठीची परीक्षा घेणारी काकू. रिंकी शमिकाने केली होती. शमिका पुण्याची, तिचं बोलणं स्वच्छ. म्हणून मी युक्ती केली होती. तालमीच्या आधी तिला काही दिवस आमच्याकडेच जेवायला बोलावलं. अनुयाच्या शेजारी बसून बसून तिने असं अचूक उचललं की पहिल्याच वाक्याला सभागृह कोसळलं! लेखन नुसतं टेबलावर होत नाही, असं मी तेव्हा भाषणातही सांगितलं होतं.

१४ जुलै

उद्या शेवटची तारीख. आज तिला क्लासातून सुट्टी घ्यायला लावली आणि रिंकी घेतली.

एरवी गाडी धडधडत जायची, आज अडत होती. काकूचं सगळं बरोबर सांगे, रिंकीचं सपाट. मी वैतागले.

"नीट म्हण ना गं. त्यात लय आहे. शमिका कसं म्हणायची?"

"मला शमिकासारखं नाही येत."

"अगं, शमिका तुझ्यासारखं म्हणायची!"

"माहितीय."

एवढंच. मग सगळ्यात गाजलेली जागा आली. काकू सगळ्या पाहुण्यांसमोर रिंकीला उभी करते आणि म्हणते, "एवढी घोडी झाली, आणि स्वतःच्या आईशी मराठीत दोन वाक्यं बोलता येत नाहीत!" त्यावर रिंकी म्हणते, "मतलब... सॉरी, काकू." टाइप केलं.

अनुया थांबली. खूप वेळ थांबली.

"इथे सगळ्यात जास्त हसतात," म्हणाली. आम्ही दोघी घाम पुसत बसलो होतो. कोणीच हसत नव्हतं. नाटक वाचताना कोणी हसत नाहीच म्हणा.

"हं. पुढे?"

मग तिने तोंड भिंतीकडून वळवलं आणि पहिल्यांदाच जोरात म्हटलं, "मला मराठी येतं, काकू. तुमच्यासमोर नाही येत."

मी टाइप केलं आणि मग हात थांबला. "हे कुठल्या प्रयोगात होतं?"

"कुठल्याच नाही."

"म्हणजे मी लिहिलेलं नाही हे?"

"नाही. मी विंगेतून बोलायची. प्रत्येक वेळी. हसणं चालू असायचं, कोणाला ऐकू नाही गेलं."

लगेच पुढचं सांगायला लागली. पडदा पडेपर्यंत सगळं सांगितलं आणि उठून आंघोळीला गेली.

१५ जुलै

सकाळपासून ते एक वाक्य पुसायचं म्हणून बसलेय. माझं नाही, तर माझ्या पुस्तकात कशाला? एक बटण दाबायचं. मशीन आता असं झालंय की दाबायच्या आत पुसेल. पुसलं. परत आणलं.

राग याचा आलाय की ते चांगलं आहे. त्या वाक्यानंतर माझी पुढची दोन पानं मेलेली वाटतात. नाटकात कोणी मुलगी असं बोलली तर तिच्या काकूने उत्तर द्यायलाच हवं. माझी काकू कधी कोणाचं ऐकून घेत नाही, तिला मी घडवलंय, तिच्या जिभेवर मी इतकी वर्षं टाळ्या घेतल्या. म्हणून काकूसाठी उत्तर लिहायला घेतलं. एक लिहिलं, ते आगाऊ वाटलं. दुसरं लिहिलं, ते रडकं. तिसऱ्यात काकू नुसतीच ओरडत होती. ते तर मी ओट्याशी उभी राहूनही करते.

अभिजित दवाखान्यातून जेवायला आला, मागे उभा राहून वाचलं. ह्या घरात कोणी माझं लिहिलेलं मागे उभं राहून वाचलं, तेही नेमकं ते वाक्य!

पाच वाजता प्रकाशकांचा फोन आला, वाट पाहतोय म्हणून. मग रिंकीच्या वाक्याखालची माझी ती दोन पानं सगळी पुसली, कंसात लिहिलं: काकू गप्प. त्याखाली पडदा. आणि पाठवून दिलं.

अनुया आत्ताच आली. हेल्मेट काढता काढता विचारलं, "आई, गेलं?"

"गेलं," म्हटलं. "मतलब, तुझ्या वाक्यासकट."

तिने हेल्मेट तसंच हातात धरलं. मला वाटलं, आता शब्दावरून मलाच पकडणार. पकडलं नाही. आत येऊन बसली.